गाडीचं पोलकं

मैत्रिणींनो, जून महिना उजाडला की वह्यापुस्तकांना कव्हरं घालायचं काम घरात कोणाच्या वाट्याला येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरी ते माझ्याकडे आहे. शेजारच्या दोन घरांचंही माझ्याकडेच आहे. आणि वर्गातल्या ज्या मुलांच्या आया पहाटेच शेतावर जातात, त्यांच्या पुस्तकांचे कोपरेही मधल्या सुट्टीत मीच दुमडून देते. त्यामुळे गेल्या दिवाळीत आमच्याकडे गाडी आली आणि तिच्या रंगावर पारदर्शक फिल्म लावून घ्यायचा विषय निघाला, तेव्हा आमचे हे अगदी सहज म्हणाले, "त्यात काय एवढं, तू पुस्तकांना कव्हर घालतेसच की!"

झालं! या एका वाक्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि तिथून मी कशी पडले तेच आज सांगणार आहे.

गाडी नवी नाही बरं का. चार वर्षं वापरलेली, पांढरी, ओळखीतून घेतलेली. पण आमच्या दारात उभी राहिलेली ही पहिलीच चारचाकी. तेव्हा तिचं कौतुक नव्या सुनेसारखं! पहिला आठवडाभर सासूबाई रोज सकाळी देवपूजा आटोपली की अंगणात जाऊन तिच्यावर हात फिरवून यायच्या. आणि नेमका त्याच सुमारास उसाचा हंगाम सुरू झाला.

रहिमतपूर काय किंवा आमचा अख्खा कोरेगाव तालुका काय, इथल्या मैत्रिणींना पुढचं सांगायची गरज नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रस्त्याने ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या असतात. त्यांच्या चाकांखालची खडी मागून येणाऱ्याच्या अंगावर गोफणीतून सुटल्यासारखी येते. साताऱ्याला पाच-सहा फेऱ्या झाल्या आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे टवके दिसू लागले. दरवाजाच्या मुठीमागे जी वाटीसारखी खोलगट जागा असते ना, तिथे तर ओरखड्यांची जाळीच झाली होती. ह्यांचं म्हणणं, "तुझ्या बांगड्या!" मी दोन दिवस गुपचूप पाहिलं. हे दार उघडतात तेव्हा किल्ल्यांचा जुडगा करंगळीत अडकवलेला असतो आणि तो त्या वाटीत खुळखुळतो. माझ्या बांगड्या मनगटावर, त्या वाटीपर्यंत पोचतसुद्धा नाहीत. पण तो वाद मी तेव्हा वाढवला नाही. वेळेवर उपयोगी पडतात अशा गोष्टी.

पूर्वी हे असं नव्हतं, असं सासरे म्हणतात. त्यांचं खरं आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये व्हायची ती पद्मिनी, मुंबईत जी काळीपिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली ती, तिचे बंपर लोखंडी आणि वर चकचकीत मुलामा दिलेले. लागलं तर पोचा यायचा, रंग जायचा प्रश्नच नव्हता. आताचे बंपर प्लॅस्टिकचे, आणि त्यांच्यावर गाडीचाच रंग. जरा खरचटलं की आत काय आहे ते लगेच दिसतं. शिवाय हा रंग असतो तरी केवढा? पत्र्यावरचा अस्तराचा थर, मग रंग, मग वरचं चकाकी देणारं पारदर्शक लाखेसारखं कवच, सगळं मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन. म्हणजे आपल्या डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर त्याहूनही कमीच. आणि फिल्म असते दीडशे ते दोनशे मायक्रॉनची. ज्याचं रक्षण करायचं त्याहून रक्षण करणारीच जाड!

ही फिल्म मुळात गाड्यांसाठी निघालेलीच नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने आणि उडणाऱ्या कचऱ्याने झिजायच्या, म्हणून थ्री-एम कंपनीने पॉलियुरेथेनची ही चिकट फिल्म तयार केली. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि मग तुमच्या-आमच्या. दुकानदार तिला 'पीपीएफ' म्हणतात. विचारायला गेलात तर दोन जाती दाखवतील. एक पीव्हीसीची, म्हणजे स्वस्तातली. ती कडक असते, वळणावर बसत नाही आणि उन्हात काही दिवसांनी पिवळी पडते. दुसरी टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची. ती रबरासारखी ताणते आणि पुन्हा जागेवर येते. चांगल्या टीपीयूवर बारीक ओरखडा उठला तर उन्हाने किंवा गरम पाण्याने तो आपोआप भरूनही येतो. फरक ओळखायचा असेल तर कातरणाचा तुकडा मागून घ्या आणि दोन्ही हातांनी ताणून पाहा. ताणलेला परत येतो तो टीपीयू. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना चांगल्या फिल्मचे पैसे घेऊन साधी लावून दिली. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांची पांढरी गाडी साजूक तुपाच्या रंगाची झाली. म्हणून पावतीवर फिल्मचं नाव आणि हमीची वर्षं लिहून घ्यायला लाजू नका.

संपूर्ण गाडीला फिल्म लावायचा खर्च आम्ही साताऱ्यात विचारला. आकडा लाखाच्या आसपास! चहा अर्धा टाकून आम्ही बाहेर आलो. परतीच्या वाटेवर कोणीच काही बोललं नाही. आधीच गाडीचा हप्ता, त्यात सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. घरी आल्यावर मी म्हटलं, सगळी गाडी झाकायची गरजच काय? जिथे लागतं तिथे लावू. दरवाजांच्या मुठीमागच्या चार वाट्या, दरवाजांच्या कडा, आणि डिकीचा उंबरा, जिथे सामान ओढताना घासतं तो. एवढ्याला पुरेल इतकी फिल्म मीटरवर मिळते. तासिका तत्त्वावर शिकवते तिथलं मानधन साठलं होतं, त्यातून मी ती आणली. आपल्या पैशाची वस्तू हातात घेतली की अंगात जरा जास्तच बळ येतं, ते मला भोवलं.

पहिली चूक पहिल्या पाच मिनिटांत. पुस्तकाला चिकट प्लॅस्टिक लावतो तशी मी फिल्म कोरडीच लावली. एका बाजूने कागद सोलत जायचं, मागून फडक्याने दाबत जायचं. पुस्तक सपाट असतं हो! दरवाजाची वाटी म्हणजे उलटी ठेवलेली पळी. मध्ये फिल्म टेकली तर कडेला चुण्या, कडा बसवल्या तर मध्ये फुगा. वर ती एकदा टेकली की सुटेना. ओढून काढली तेव्हा तिच्या गोंदावर माझ्या पाची बोटांचे ठसे उमटले होते, चोराचे उमटावेत तसे.

त्या रात्री पोळ्या लाटताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सपाट कापड गोलाईवर बसवायचं तर आपण काय करतो? पोलक्याला टक्स घालतो. टक्स म्हणजे जादा झालेलं कापड चिमटीत घेऊन आत दडवणं. फिल्मला टक्स घालता येत नाहीत, दुमड दिसते आणि तिथे धूळ बसते. मग तिचं जादा झालेलं अंग जिरवायचं कसं? ताणून आणि ऊब देऊन. जिथे कमी पडते तिथे ती ताणायची, जिथे जास्त होते तिथे ती उबेने आकसून घ्यायची. आणि हे सगळं करायला वेळ मिळावा म्हणून ती खाली तरंगती ठेवायची, पाण्यावर. दुकानातली मुलंही पाणी मारूनच लावतात. मी मात्र त्यांना काम करताना पाहायला थांबलेच नव्हते, आकडा ऐकूनच बाहेर पडले होते ना!

तर आता नीट सांगते.

दिवस ढगाळ किंवा जागा सावलीची हवी, आणि वारा नको. उन्हात पत्रा तापला की पाणी पटकन वाळतं आणि गोंद नको तिथे धरतो. अंगण झाडून अर्धा तास धूळ बसू द्या आणि मग पाणी शिंपडा. आमच्याकडे कोंबड्या आहेत, त्या डालग्याखाली. तुमच्याकडे मुलं असतील तर त्यांचं काय करायचं ते तुम्ही पाहा. पोलक्याच्या बाह्या वर, केस घट्ट बांधलेले. फिल्मखाली सापडलेला एक केस मी तीन महिने पाहते आहे.

गाडी आधी धुऊन घ्या. मग जिथे फिल्म लावायची ती जागा पुन्हा शाम्पूच्या पाण्याने धुवा, बोटाच्या पेराने तपासत. डोळ्यांना दिसत नाही ते पेराला लागतं, रव्यातला खडा लागतो तसं. डांबराचे ठिपके असतील तर ते काढायचं औषध मिळतं, पण त्याचा तेलकटपणा पुन्हा धुऊन टाका. पॉलिश किंवा मेण लावलेलं असेल तर तेही निघायला हवं, नाहीतर गोंद धरत नाही. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून, न सुटणाऱ्या मऊ फडक्याने. जुनी सुती साडी या कामाला नको, तिचे धागे सुटतात.

दोन बाटल्या घ्यायच्या, फवाऱ्याच्या. पहिलीत एक लिटर पाणी आणि लहान बाळाच्या शाम्पूचे सात-आठ थेंब. हे घसरतं पाणी. दुसरीत तीन भाग पाणी आणि एक भाग तेच अल्कोहोल. हे धरतं पाणी, याने शाम्पूचा बुळबुळीतपणा जाऊन गोंद पकड घेतो. पाणी शक्यतो फिल्टरचं घ्या. बोअरच्या जड पाण्याने फिल्मखाली पांढरे डाग राहतात, चहाच्या पातेल्याला बसतात तसले. बाटल्यांवर नावं लिहा, आणि दुसरी बाटली गॅसजवळ भरू नका, अल्कोहोल पेट घेतं. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

फिल्म कापायची ती घरात, टेबलावर. खाकी कागदाचा नमुना आधी वाटीवर दाबून, पेन्सिलीने कड काढून घ्या, पोलक्याचं पेपर कटिंग करतो तसं. कडेने दोन-तीन मिलिमीटर कमीच ठेवा. अगदी काठाला नेली की ती उचकटते. आणि कोपरे सगळे गोल कापा. टोकदार कोपरा धुताना फडक्यात अडकतो आणि तिथूनच सोलायला सुरुवात होते.

आता जागेवर पहिल्या बाटलीचं पाणी भरपूर मारा. हातही त्याच पाण्याने ओले करा, म्हणजे ठसे उमटत नाहीत. मागचा कागद सोलता सोलता दुसऱ्या कोणीतरी गोंदाच्या बाजूवर पाणी मारत राहायचं. हे काम दोघांचं आहे, एकटीने करू नका. फिल्म जागेवर सोडा. ती पाण्यावर हलेल, हलू द्या. बरोबर बसली असं वाटलं की साडीला फॉल लावताना आपण आधी टोकं धरून मग मधलं बसवतो, त्याच्या उलट इथे करायचं. आधी मध्य धरायचा. मधोमध रबरी पट्टीने एक घट्ट रेघ ओढा, आणि मग तिथून बाहेर, एका ओढीवर दुसरी ओढ थोडी चढवत. फिल्मच्या वरच्या अंगालाही पाणी मारलेलं हवं, नाहीतर पट्टी अडखळते आणि तिचीच खूण राहते. जोर हळूहळू वाढवायचा. पाणी कडेला येऊन ठिबकताना दिसलं पाहिजे.

कडेला चुण्या येतील. येणारच. मुलं त्यांना 'बोटं' म्हणतात, कारण त्या पसरलेल्या बोटांसारख्या दिसतात. चुणी दाबून चपटी करायचा मोह आवरा. तेवढी कड उचला, खाली दुसऱ्या बाटलीचं पाणी मारा, हेअर ड्रायरची ऊब द्या आणि दोन चुण्यांच्या मधला भाग अलगद ताणून खाली घ्या. अलगद म्हणजे पापड हातावर वाढवतो तितकंच. जास्त ताणलं तर गोंदावर रेघा उठतात, आणि ताणलेली फिल्म आठवड्याने पुन्हा आखडून कडेला सुटते. ड्रायर एका जागी धरून ठेवू नका. आणि ओल्या हातांनी तर धरूच नका. ज्याचे हात कोरडे आहेत त्याने ड्रायर धरायचा, ज्याचे ओले आहेत त्याने फिल्म. आमच्याकडे ड्रायर ह्यांच्या हातात. केस वाळवायला त्यांना लागत नाही तो, तेवढ्यापुरता लागला.

काम झाल्यावर फिल्म धुरकट दिसली तर घाबरू नका. ते पाणी असतं आणि आठ-पंधरा दिवसांत उडून जातं. पावसाळी हवेत थोडे जास्त दिवस लागतात. बोटाने दाबल्यावर हलतो तो पाण्याचा फुगा, बहुधा तो आपणहून जातो. अगदी टपोरा असला तर इंजेक्शनच्या बारीक सुईने कडेला एकच टोचा आणि बोटाने पाणी बाहेर काढा. हवेचा फुगा तसाच राहतो, त्यालाही हाच उपाय. पण टोकदार, कडक उंचवटा म्हणजे खाली कण अडकला आहे. त्याला टोचून काही होत नाही. लगेच लक्षात आलं तर कड उचलून, पाणी मारून तो धुऊन काढा. नंतर कळला तर त्याच्यासह संसार करा.

एवढं सगळं मी आज मोठ्या ऐटीत सांगते आहे, पण माझा पराक्रम राहिलाच.

चारही वाट्या दुसऱ्या खेपेला छान बसल्या. ह्यांनी 'वा' म्हटलं. त्या एका 'वा'च्या भरात, हे दुकानात गेल्यावर दुपारी मी एकटीनेच डिकीचा उंबरा करायला घेतला. पट्टी लांब होती, एका टोकाला बोटभर जास्त आली. घरातून कात्री आणून, फिल्म उचलून कापायला हवी होती. मी कंपासमधलं ब्लेड घेतलं आणि जागेवरच, पट्टी ठेवून, सरळ रेघ ओढली. वह्यांची कव्हरं मी अशीच कापते. जादा तुकडा काढला आणि खाली पांढऱ्या रंगात केसाएवढी काळसर रेघ. टीचभर लांब. बोट फिरवलं तर नख अडकलं.

मी काय केलं असेल? फिल्मचा दुसरा तुकडा कापला आणि त्या रेघेवर लावून टाकला. इतका सुरेख बसला तो, की त्या दिवसाचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. संध्याकाळी ह्यांनी उंबरा पाहून पाठ थोपटली. मी पदराने घाम पुसला.

मग रोज सकाळी दूध तापवता तापवता मला ती रेघ आठवायची. ब्लेड पत्र्यापर्यंत गेलं असेल का? गेलं असेल तर मी त्यावर पाणी मारून वर झाकण घातलं आहे. लोखंड, पाणी आणि बंद जागा. शाळेत चौथीच्या पोरांना गंज कसा चढतो ते आपणच शिकवतो! आठव्या दिवशी मी डिकी उघडून वाकून पाहिलं. रेघेच्या एका टोकाला, फिल्मच्या आत, हळदीच्या बोटासारखी पिवळट छटा होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. सगळं सांगितलं, 'वा' ऐकून चढले तेही सांगितलं. हे उठले, टॉर्च घेऊन बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. मी आत बसून भांडी उगाच दोनदा घासली. गाडी काही सोन्याची नव्हती, पण तिच्यासाठी ह्यांनी चार वर्षं स्वतःला एक धड शर्ट घेतला नव्हता, हे मला ठाऊक होतं. आत आले ते म्हणाले, "रेघेचं काही नाही. आठ दिवस तू एकटीच ते घेऊन बसलीस, ते बरं नाही केलंस." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "वाटीतले ओरखडे माझ्या किल्ल्यांचे होते." ते त्यांना आधीपासून माहीत होतं की टॉर्चच्या उजेडात कळलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फिल्म काढली. काढायचीही रीत आहे. ड्रायरने कोमट करायची, कोपरा उचलायचा आणि पत्र्याला जवळजवळ लागूनच, मागच्या मागे, हळू ओढत न्यायची. सरळ वर ओढली तर गोंद खाली राहतो, आणि आधी कधी रंगवलेली जागा असेल तर रंगाचा पापुद्राच हातात येतो. म्हणून जुनी गाडी घेतली असेल तर कुठला भाग परत रंगवलेला आहे ते विकणाऱ्याला विचारून घ्या, आणि तिथे फिल्म लावायच्या फंदात पडू नका. आम्ही तो उंबरा गॅरेजमध्ये नेऊन गंज घासून घेतला, अस्तर आणि रंगाचा हात दिला. खर्च माझ्या मानधनातून. ताज्या रंगावर लगेच फिल्म लावायची नाही, आतला रंग पुरता वाळायला महिनाभर द्यावा लागतो. आम्ही दीड महिना दिला. मग लावली, दोघांनी मिळून, टेबलावर कापलेली.

लावल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नका. पुढेही सर्व्हिसिंगला दिली की पाण्याचा जोरदार फवारा फिल्मच्या काठावर मारू नका म्हणून सांगा. पक्ष्यांची घाण आणि आंब्याचा चीक फिल्मवर पडला तरी तसाच वाळू देऊ नका. ती रंगाला वाचवते, पण तिलाही डाग पडतात.

ते मला परवाच्या दसऱ्याला कळलं. सासूबाईंनी गाडीची पूजा केली, आणि ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं ते बरोबर दाराच्या वाटीजवळ, फिल्मवर! दुसऱ्या दिवशी कुंकू निघालं, हळद काही निघेना. मी काही बोलले नाही. हळदीचा रंग उन्हाने विटतो हे आपल्याला साडीवरच्या डागावरून माहीत आहे, म्हणून रोज गाडी त्या बाजूने उन्हात उभी केली. दहा-बारा दिवसांत बरंचसं गेलं. पुढच्या वर्षी स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढायचं ठरलं आहे. काच पुसता येते.

काचेवरून आठवलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, फिल्म लावलीस ती, पोलीस पकडणार नाहीत ना?" त्यांचा गोंधळ साहजिक आहे. २०१२ साली एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवर काळ्या फिल्म चिकटवायला मनाई केली, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे. तो विषय काचेचा. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा, असा नियम आहे. आपली ही फिल्म पत्र्याच्या रंगावर, तीही पारदर्शक, तिचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र रंगीत फिल्म लावून गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते.

आणखी एक, जाता जाता. नवीन गाडीच्या सीटवरचं, दरवाजाच्या आतल्या पट्ट्यांवरचं प्लॅस्टिक पुष्कळ जण वर्षभर तसंच ठेवतात. टीव्हीच्या रिमोटलाही पिशवी आणि फ्रीजच्या मुठीलाही झालर, अशी आपली सवय! पण ते प्लॅस्टिक कारखान्यातून दुकानापर्यंतच्या प्रवासापुरतंच असतं. उन्हाने त्याचा गोंद कडक होतो आणि मग नखांनी खरवडत बसावं लागतं. ते पहिल्याच दिवशी काढून टाका.

मीटरमधली हातभर फिल्म अजून शिल्लक आहे. सासूबाईंना ती त्यांच्या पोथीला हवी होती. मी नको म्हटलं, जुन्या कागदावर असला गोंद कधीच लावू नये, पान फाटल्याशिवाय तो निघत नाही. शेवटी ती फ्रीजच्या दाराला खालून लावली, जिथे धाकट्याच्या तीनचाकीचं हँडल रोज आपटतं. या वेळी कापताना ब्लेड हातात घेतलं तर तिघंही एकदम ओरडले, "टेबलावर!"